वायरवाले कॅमेरे की वायफायचे? नागपूरच्या मानेवाड्यातल्या जी प्लस वन घरासाठी

अंगण_मानेवाडा · शनिवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. घराला कॅमेरे लावायचे आहेत. दोन दुकानदारांनी दोन टोकं सांगितली, म्हणून इथे विचारते.

प्लॉट ३० बाय ५०, खालचा आणि वरचा असे दोन माळे, घराचं तोंड पश्चिमेला. कॅमेऱ्याच्या चार जागा ठरल्यात: फाटक, पोर्च, मागची बोळ (तिथे बोअरचा पॅनल आहे) आणि गच्चीवर जाणारा बाहेरचा जिना. राउटर वरच्या माळ्यावर हॉलमध्ये, फायबर १०० एमबीपीएस. इन्व्हर्टर आहे, बॅटरी १५० एएच. दिवाळीतच रंग दिलाय, त्यामुळे भिंतीत झिरी मारायची नाही. दिवसा सासूबाई एकट्या असतात. दारात कोण आलंय ते त्यांना टीव्हीवर दिसावं आणि रात्री फाटकातून कोणी आत आलं तर चेहरा ओळखता यावा, एवढं हवंय.

एक म्हणतो चार वायफाय कॅमेरे लावा, दोन तासांचं काम. दुसरा म्हणतो डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) आणि थ्री प्लस वन वायर (चित्राची आणि विजेची तार एकाच आवरणात). पीओई हे तिसरं नाव इथेच वाचलं. फरक नेमका कुठे पडतो?

तारजोडणी · शनिवार, सकाळी १०:०५

ताई, आधी दोन गोष्टी ठरवा. प्रत्येक कॅमेऱ्याला वीज कुठून मिळणार आणि रेकॉर्डिंग कुठे साठणार? ही दोन उत्तरं मिळाली की बाकीचं आपोआप ठरतं.

वायफाय कॅमेऱ्यालाही वायर लागतेच, अडॅप्टरची. तुमच्या चार जागांपैकी पोर्चमध्ये प्लग असेल, बोळीत पॅनलजवळ असेल. जिन्यावर आणि फाटकावर नसणार. मग तिथपर्यंत २३० व्होल्टची वायर न्यायची, पावसापासून वाचवलेला डबा लावायचा, त्यात प्लग आणि अडॅप्टर बसवायचा. अडॅप्टर घरात ठेवून ५ व्होल्टची यूएसबी वायरच लांब केली तर १० मीटरवर व्होल्टेज इतकं पडतं की रात्री आयआर (अंधारात पाहण्याचे इन्फ्रारेड) दिवे लागले की कॅमेरा बंद-चालू होत राहतो. एवढी खटपट करून वायर न्यायचीच असेल तर तिच्या जागी एक कॅट-६ (नेटवर्कची वायर) न्या. तीच वायर चित्र आणते, वीजही नेते, आणि तिच्यात फक्त ४८ व्होल्ट असतात.

याच पद्धतीला पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) म्हणतात. तिचं गणित सोपं आहे. ८०२.३एएफ या मानकात एका पोर्टमधून १५.४ वॉट सुटतात, कॅमेऱ्याच्या टोकाला १२.९५ वॉटची हमी मिळते. साधा बुलेट कॅमेरा ५-६ वॉट खातो. एका ओढीला (एका सलग वायरीला) १०० मीटरची मर्यादा आहे आणि ३० बाय ५० च्या प्लॉटवर तिच्या जवळपासही जायची वेळ येत नाही.

आणि वीज घरातून, इन्व्हर्टरवरून जाते. आपल्याकडे मीटर आणि मेन स्विच बहुतेक पोर्चमध्ये उघड्यावरच असतात. कोणी मेन पाडला तरी पीओईचे कॅमेरे चालू राहतात. बाहेरच्या पॉइंटवरचा वायफाय कॅमेरा, तो पॉइंट इन्व्हर्टरवर नसेल तर, त्याच क्षणी आंधळा होतो.

रेडिओलहरी · शनिवार, सकाळी १०:४८

वरचं सगळं पटतं, पण वायफाय मोजून पाहिल्याशिवाय बाद करू नका. नीट सिग्नलवर चार कॅमेरे वर्षानुवर्षं चालतात. अडचण अशी की बहुतेक लोक सिग्नल मोजतच नाहीत.

कसं मोजायचं ते सांगतो. मोबाइलवर वायफाय ॲनालायझरचं कोणतंही ॲप घ्या, २.४ गिगाहर्ट्झवर जोडा आणि कॅमेरा जिथे येणार त्याच जागी, त्याच उंचीवर, भिंतीला टेकवून आकडा पाहा. जमिनीवर उभं राहून मोजलेल्याचा उपयोग नाही. दारं बंद ठेवा. उणे ६० डीबीएम किंवा त्याहून चांगला (शून्याच्या जवळचा) आकडा म्हणजे निवांत. उणे ६७ पर्यंत चालतं. उणे ७५ च्या खाली गेलं की दिवसा लाइव्ह दिसेल आणि रात्री शेजारच्या चार घरांतले टीव्ही सुरू झाले की रेकॉर्डिंगला भोकं पडतील.

नागपुरात एक चूक हमखास होते. मोजणी जानेवारीत होते. होळी झाली की खिडकीत कूलर बसतो. पत्र्याची बॉडी आणि खाली पाण्याची टाकी! पत्रा लहरी परतवतो, पाणी शोषून घेतं. नऊ इंची भिंतीत खिडकी हीच सिग्नलची वाट होती, तीच बुजते. मागच्या बोळीकडच्या खिडकीत कूलर बसत असेल तर तो जागेवर असताना, टाकी भरलेली असताना मोजा.

बसवताना राउटरवर २.४ आणि ५ ला वेगवेगळी नावं द्या. स्वस्त कॅमेऱ्यांना फक्त २.४ कळतं. मोबाइल ५ वर असला की जोडणी अर्ध्यात अडकते आणि दोष कॅमेऱ्याला लागतो. चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा दिसेल तो पक्का करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. सुरक्षेत फक्त डब्ल्यूपीए३ निवडलेलं असेल तर जुने कॅमेरे जोडलेच जात नाहीत, मिश्र पर्याय ठेवा.

अंगण_मानेवाडा · शनिवार, दुपारी १२:३०

मोजलं. पोर्च उणे ५८, जिना उणे ६३, बोळ उणे ७१ (कूलर अजून वर गच्चीवर आहे), फाटक उणे ७९.

मग फाटकापुरता बॅटरी आणि सोलरवाला कॅमेरा लावला तर? वायरच नको.

गच्चीवरून · शनिवार, दुपारी १:४०

बॅटरीचा कॅमेरा नागपूरच्या उन्हाळ्यात काहून फसतो ते जरा तपशिलात लिहितो, कारण खोक्यावर हे सापडत नाही.

पहिली गोष्ट चार्जिंगची. या कॅमेऱ्यांत लिथियम सेल असतात आणि सेल चार्ज करायची मर्यादा साधारण ० ते ४५ अंश असते. मे महिन्यात आपली सावलीतली हवाच ४५ ला पोचते. पश्चिमेच्या भिंतीवर, उन्हात, कॅमेऱ्याचं आतलं तापमान त्याहून किती तरी वर जातं. सेलचं संरक्षक सर्किट चार्जिंग थांबवतं. म्हणजे ऊन सगळ्यात कडक असतं तेव्हाच सोलर पॅनल निरुपयोगी. सर्किट हलक्या दर्जाचं असेल तर चार्जिंग चालू राहतं आणि सेल फुगतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बॅटरी वाचवण्यासाठी हा कॅमेरा झोपलेला असतो, त्याला जागं करतो पीआयआर सेन्सर. पीआयआर माणूस ओळखत नाही, अंगाची उष्णता आणि मागची पार्श्वभूमी यांतला फरक ओळखतो. डिसेंबरच्या रात्री मागची भिंत १५ अंशांवर, माणसाची त्वचा ३३-३४ वर, फरक भरपूर. मेच्या रात्री दिवसभर तापलेली भिंत आणि सिमेंट रोड स्वतःच ३४-३५ च्या आसपास असतात. फरक उरतच नाही. खोक्यावरचे ८-१० मीटर तेव्हा दोन-तीन मीटरवर येतात, कधी सेन्सर उठतच नाही. आणि उन्हाळ्यात माणसं गच्चीवर, कूलरच्या आवाजात झोपलेली असतात, नेमकी तीच वेळ.

जागं झाल्यावरही रेकॉर्डिंग सुरू व्हायला सेकंद-दोन सेकंद जातात. फाटकातून आत शिरणाऱ्याची पाठ मिळते.

तरीही लावायचाच असेल तर कॅमेरा छज्ज्याखाली सावलीत आणि पॅनल वेगळ्या वायरवर उन्हात, असा प्रकार घ्या. आणि कॅमेरा असा वळवा की माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल. पीआयआरला आडवी हालचाल पटकन कळते, समोरून सरळ चालत येणारा उशिरा कळतो.

जुना_डीव्हीआर · शनिवार, दुपारी ३:१५

डीव्हीआरची बाजू कोणीच मांडली नाही, म्हणून लिहितो. खर्च कमी. प्रत्येक मोहल्ल्यात दुरुस्ती करणारा मिळतो. एक कॅमेरा बिघडला तर बर्डीच्या बाजारातून दुसऱ्या कंपनीचा आणून तासाभरात चालू, कारण आजचे डीव्हीआर सगळे ॲनालॉग एचडी प्रकार ओळखतात. कॅमेऱ्याला आयपी पत्ता नाही, पासवर्ड नाही, घरातल्या नेटवर्कशी संबंध फक्त डीव्हीआरचा. ज्या घरात जुनी थ्री प्लस वन आधीच टाकलेली आहे तिथे ती उपटून कॅट-६ टाकायला सांगणं मला योग्य वाटत नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. चार कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), आठांना १० अँपिअरचा. आणि बीएनसी (वायरीच्या टोकाची चित्राची पिन) स्क्रूवाली नको, तयार मोल्डेड घ्या. स्क्रू उन्हाळ्या-पावसाळ्यात सैल पडतो, मग चित्रात आडव्या रेषा फिरतात, रंग उडतो.

तारजोडणी · शनिवार, दुपारी ४:००

भाऊ, जुनी वायर असेल तर तुमचं बरोबर. नव्याने टाकायची असेल तर १२ व्होल्टचा हिशेब पाहा.

थ्री प्लस वनमधली विजेची तार बारीक असते. ०.२ चौरस मिलिमीटरचं शुद्ध तांबं धरलं तर मीटरला ०.०८६ ओहम रोध. ३० मीटर जाणं, ३० मीटर येणं, एकूण ५.२ ओहम. आयआर लागल्यावर कॅमेरा ०.४ अँपिअर ओढतो, म्हणजे वाटेतच २ व्होल्ट गेले. १२ चे १० उरले. तार तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल तर ९ च्याही खाली. दिवसा कॅमेरा उत्तम, रात्री दर दोन मिनिटांनी रीस्टार्ट, हे त्याचं लक्षण. तोच ५ वॉटचा कॅमेरा ४८ व्होल्टवर जेमतेम ०.१ अँपिअर घेतो आणि ३० मीटर कॅट-६ मध्ये पाव व्होल्ट पडतो.

ताईंच्या घरी वायर नव्यानेच टाकायची आहे, म्हणून सामान लिहून देतो.

वायरची लांबी: फाटक २४ मीटर, पोर्च १२, बोळ १६, जिना १० धरले तर ६२. प्रत्येक ओढीला दोन्ही टोकांचं मिळून ३ मीटर जादा, म्हणजे ७४. १०० मीटरचं बंडल घ्या, ३०५ मीटरचा डबा नको. बंडलवर शुद्ध तांबं लिहिलेलं असलं तरी दुकानातच एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. ती पीओईला घेऊ नका: रोध दीडपटीच्या वर, आणि क्रिंप केलेल्या (प्लग दाबून बसवलेल्या) जागी वाकवली की तुटते.

पाइप: एक-दोन वायरींना २० मिलिमीटर, तीन-चार असतील तर २५. दर दोन फुटांवर सॅडल. घरातली राखाडी कॅट-६ उघडी उन्हात सोडू नका, तिचं आवरण कडक होऊन तडकतं. पाइपात घाला किंवा बाहेरच्या वापराची काळी घ्या. २३० व्होल्टच्या वायरीच्या पाइपात ही कधीच नको. समांतर असेल तर फूटभर अंतर, ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

भिंतीला भोक १० मिलिमीटर पुरतं, कारण आरजे-४५ (वायरीच्या टोकाचा प्लग) नंतर क्रिंप करायचा. भोक बाहेरच्या बाजूला खाली उतरतं पाडा, म्हणजे पाणी आत येणार नाही. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. लागतात आठ प्लग, आणा पंधरा.

प्रत्येक कॅमेऱ्यामागे एक बंद जंक्शन बॉक्स हवाच. कॅमेऱ्याच्या शेपटीचा सॉकेट उघडा राहिला की पहिल्याच पावसाळ्यात पिना हिरव्या पडतात. शेपटीला १२ व्होल्टची जी रिकामी पिन उरते तिलाही टोपी किंवा टेप, पाणी तिथूनही चढतं. वायर बॉक्समध्ये शिरण्याआधी तिला खाली एक लोंबता झोल द्या, थेंब तिथून गळून जातात.

आणखी एक, कारण यात दिवस वाया जातात. टेस्टरवर आठही दिवे लागलेच पाहिजेत. चित्राला १, २, ३, ६ या चारच तारा पुरतात, पण काही पीओई स्विच (सगळ्या कॅमेऱ्यांच्या वायरी जोडायचा डबा) वीज ४-५ आणि ७-८ मधून पाठवतात. तपकिरी जोडी तुटलेली असेल तर अडॅप्टर लावून चित्र येतं, पीओईवर कॅमेरा मेलेला वाटतो. कॅमेरा बदलू नका, प्लग कापून पुन्हा मारा.

अंगण_मानेवाडा · शनिवार, संध्याकाळी ५:२०

खूप मोलाचं आहे हे. स्विच वेगळा घ्यायचा की एनव्हीआरमध्येच (नेटवर्क कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमध्येच) पीओई असतो?

तारजोडणी · शनिवार, संध्याकाळी ५:४५

चारच कॅमेरे असतील तर पीओई पोर्ट असलेला एनव्हीआर बरा, आणि चारऐवजी आठ चॅनलचा (आठ कॅमेऱ्यांची सोय असलेला). त्यात कॅमेरे घरच्या नेटवर्कपासून वेगळ्या कप्प्यात राहतात.

वेगळा स्विच घेतलाच तर त्याच्या पुढच्या बाजूचं छोटं बटण पाहा. ‘एक्स्टेंड’वर सरकलं असेल तर वायर २५० मीटरपर्यंत चालते पण वेग १० एमबीपीएसवर येतो. ‘व्हीलॅन’वर असेल तर पोर्ट एकमेकांशी बोलत नाहीत, फक्त अपलिंकशी (पुढे जोडायच्या पोर्टशी) बोलतात, मग एनव्हीआर साध्या पोर्टमध्ये लावला तर एकही कॅमेरा सापडत नाही. अगदी स्वस्त स्विच न विचारता सतत वीज सोडतात. खोक्यावर ८०२.३एएफ किंवा एटी छापलेलं नसेल तर परत ठेवा.

विजेचं_काम · शनिवार, रात्री ८:१०

वायर म्हटलं की विजांचा प्रश्न येतोच. विदर्भात मे-जूनची वादळं आणि परतीचा पाऊस, दोन्ही वेळा कडकडाट. भिंतीवरून गेलेल्या लांब वायरीत जवळ पडलेल्या विजेचा झटका शिरतो. कॅमेरा जातो, सोबत एनव्हीआरचा पोर्ट जातो. बाहेरून येणाऱ्या लांब ओढीवर एनव्हीआरच्या टोकाला पीओई सर्ज प्रोटेक्टर लावा आणि त्याची हिरवी तार घराच्या अर्थिंगला जोडा. न जोडलेला प्रोटेक्टर म्हणजे नुसता डबा. आधी न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा: २-३ च्या वर दिसलं तर अर्थिंगचा खड्डा दुरुस्त करून घ्या, उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. थेट अंगावर पडलेल्या विजेपुढे कोणताच प्रोटेक्टर टिकत नाही. आणि वायफाय कॅमेरा यातून सुटतो असंही नाही, त्याला झटका अडॅप्टरमधून येतो.

इन्व्हर्टरचा हिशेब: चार कॅमेरे २० वॉट, एनव्हीआर हार्ड डिस्कसह १५, राउटर आणि फायबरचा डबा १५. एकूण ५०. १५० एएच बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. निम्मी वापरायची आणि इन्व्हर्टरमधला तोटा वजा करायचा तर ७०० च्या आसपास, म्हणजे एकट्या कॅमेऱ्यांना १४ तास. दोन पंखे सोबत असतील तर तीन-चार तास. लाइन जाताना एनव्हीआर रीस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचा खटका यूपीएस मोडवर करा.

अंगण_मानेवाडा · रविवार, सकाळी ८:३०

आता कॅमेरा कोणता? दुकानदार ८ मेगापिक्सेल म्हणतो. आणि २.८, ४, ६ मिलिमीटर लेन्स म्हणजे काय?

पिक्सेल_मोजणी · रविवार, सकाळी ९:५०

मेगापिक्सेलच्या आधी लेन्स. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायला एका मीटर रुंदीत २५० पिक्सेल हवेत असं ईएन ६२६७६-४ या मानकाची २०१५ ची आवृत्ती सांगते. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात.

४ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी २५६० पिक्सेल. भागिले २५०, म्हणजे दृश्याची रुंदी सव्वादहा मीटरच्या आत हवी. २.८ ची लेन्स सुमारे १०० अंश पाहते, तिथे ही रुंदी ४.३ मीटरवर संपते. ४ ची लेन्स ८० अंशांच्या आसपास, तिच्यावर ६ मीटर. ६ ची लेन्स ५० अंश, ११ मीटर. म्हणजे २.८ ची लेन्स घेऊन ‘सगळं दिसतं’ असं वाटतं, पण फाटकाजवळच्या माणसाचं तोंड मोठं करून पाहिलं की ठिपके. शिवाय ८ मेगापिक्सेलच्या सेन्सरवरचा एकेक ठिपका लहान, अंधारात त्याला उजेड कमी मिळतो. तुम्हाला ४ पुरेसा आहे.

उंची ८ ते ९ फूट. १५ फुटांवरून टाळू दिसते. आणि नागपुरात दुसरी अडचण: मार्च ते जून निम्मं शहर तोंडाला दुपट्टा बांधून फिरतं, कुरिअरवालाही. वरून लावलेल्या कॅमेऱ्याला फक्त डोळे मिळतात. माणूस दुपट्टा सोडतो तो दारापाशी, सावलीत. म्हणून पोर्चमधला कॅमेरा दाराजवळ, साडेसहा-सात फुटांवर, चेहऱ्याकडे तोंड करून लावा. सासूबाईंना टीव्हीवर हेच चित्र मोठं करून द्या.

तोंड पश्चिमेला म्हणजे संध्याकाळी ऊन थेट लेन्समध्ये. १२० डीबी डब्ल्यूडीआर (कडक ऊन आणि सावली एकाच चित्रात नीट दाखवायची सोय) असलेला कॅमेरा घ्या आणि तो इतका खाली झुकवा की चित्रात आकाश दिसणार नाही. छज्ज्याचा पांढरा रंग कडेला येत असेल तर रात्री आयआर त्यावरून उलटतो आणि बाकी सगळं काळं होतं. इंचभर पुढे सरकवला तरी फरक पडतो.

साठवण: ४ मेगापिक्सेल, एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), सेकंदाला १५ फ्रेम, २ एमबीपीएस. १ एमबीपीएस म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. चार कॅमेरे ८ एमबीपीएस, दिवसाला ८६.४ जीबी. २ टीबीवर २३ दिवस मिळतात. डिस्क सर्व्हेलन्सचीच घ्या, संगणकातली साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी नसते.

बेसा_भाडेकरू · रविवार, सकाळी ११:००

मध्येच विचारतो, माफ करा. तिसऱ्या माळ्यावर भाड्याचा फ्लॅट, फक्त दारासमोर आणि हॉलमध्ये कॅमेरा हवा. यासाठीही वायर?

रेडिओलहरी · रविवार, सकाळी ११:२०

नको. दोन वायफाय कॅमेरे, प्रत्येकात १२८ जीबीचं ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्ड. दीड एमबीपीएसवर आठवडाभराचं रेकॉर्डिंग राहतं. साधं मोबाइलचं कार्ड सतत लिहून लवकर खराब होतं, आणि ते खराब झाल्याचं कॅमेरा नेहमी कळवतोच असं नाही, म्हणून महिन्यातून एकदा मागचं रेकॉर्डिंग उघडून पाहा. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस द्या. चोर कॅमेराच उचलून नेईल अशी जागा असेल तर कार्डही जातं, तिथे क्लाउडची वर्गणी सार्थकी लागते. समोरच्यांचं दार चित्रात येत असेल तर ॲपमधला प्रायव्हसी मास्क लावून ते झाका आणि त्यांना दाखवाही.

जुना_डीव्हीआर · रविवार, दुपारी १२:१५

खरेदीआधी एवढं पाहाच. एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी आणि बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी बंधनकारक आहे. जुना साठा स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक मागा. बसवून झाल्यावर पासवर्ड तुम्ही स्वतः टाका, बसवणाऱ्याने टाकलेला ठेवू नका. २०१६ मध्ये ‘मिराय’ मालवेअरने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेल्या पासवर्डच्या जोरावर. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट) करून देतो म्हटलं तर नको म्हणा.

घड्याळ इंटरनेटच्या वेळेशी जोडा. फुटेज पोलिसांना द्यायची वेळ आली तर मोबाइलने स्क्रीनचा व्हिडिओ काढून देऊ नका, एनव्हीआरमधून मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लिहावी लागते. मूळ फाइलच्या जागी नवं रेकॉर्डिंग लिहिलं जाण्याआधी ती लॉक करा.

अंगण_मानेवाडा · रविवार, दुपारी २:४०

मग असं ठरवते: पीओई, आठ चॅनलचा एनव्हीआर, २ टीबी, चार ४ मेगापिक्सेलचे कॅमेरे. एकच अडचण उरते, फाटकाचा खांब. तिथवर वायर न्यायला आंगणातली फरशी उचलावी लागेल, नाहीतर कंपाउंडवरून पाइप फिरवावा लागेल. पोर्चच्या छज्ज्याच्या कडेपासून फाटक साडेपाच मीटर आहे.

पिक्सेल_मोजणी · रविवार, दुपारी ३:०५

मग खांबावर जाऊच नका. छज्ज्याच्या कडेला, खालच्या बाजूने, ४ ची लेन्स. साडेपाच मीटर सहाच्या आत बसतात. खांबावरचा कॅमेरा हाताला येतो आणि कापडानेही झाकता येतो, छज्ज्याखालचा नाही. बोळ अरुंद आहे, तिथेही ४ ची. पोर्च आणि जिन्यावर २.८.

विजेचं_काम · रविवार, दुपारी ३:२०

उघड्यावरची सगळ्यात लांब ओढही गेली. वायर घराच्या भिंतीला धरूनच राहील.

तारजोडणी · रविवार, दुपारी ४:१०

फाटकाची ओढ २४ वरून १४ मीटरवर आली. एकूण ५२, जादा धरून ६४. तरी १०० चंच बंडल घ्या, उरलेली वायर पुढे पाचव्या कॅमेऱ्याला किंवा वरच्या टीव्हीला लागेल. छज्ज्याखालून पाइप पांढराच लावा, रंगात मिसळून जातो.

भोकं पाडायच्या आधी एक रात्र द्या. चारही वायरी पाइपाशिवाय नुसत्या लोंबत्या सोडा, प्लग मारा, कॅमेरे ठरलेल्या जागी सुतळीने बांधा आणि एनव्हीआर चालू करा. पाऊस नसलेला दिवस निवडा. अंधार पडल्यावर घरातल्या एकाला तोंडाला दुपट्टा बांधून फाटकातून दारापर्यंत चालत यायला सांगा, मग दुपट्ट्याशिवाय, मग गाडीचा हेडलाइट लावून. मागच्या बोळीत मोटर चालू-बंद करून पाहा, चित्र हलतं का. सकाळी टीव्हीवर चारही रेकॉर्डिंग सासूबाईंसोबत बसून पाहा, ज्या ठिकाणी चेहरा कळत नाही तिथला कॅमेरा हलवा, आणि मग भिंतीवर पेन्सिलने खूण करा.